पनागरची बारा मिनिटं

श्रुती फोनवर रडत नव्हती, पण तिचा आवाज रडून आल्यासारखा वाटत होता.

"मावशी, काळ्या पेटीच्या मागे निळी वायर आहे. ती जिथे शिरते तिथे दोन लाइट आहेत. जळून राहिले का?"

मी खाली बसून पाहिलं. "एक हिरवा आहे. दुसरा पिवळा, उघडझाप करून राहिला."

"म्हणजे लाइन चांगली आहे." ती हळूच म्हणाली, "मग नवीन नाव काहून घेत नाही हा?"

मागून तिच्या ऑफिसात कोणीतरी मोठ्यानं बोलत होतं. तो बुधवार होता आणि काळी पेटी येऊन तीनच दिवस झाले होते.

मी पनागरला रक्त तपासणीच्या सेंटरवर काम करते. सकाळी सातला कुलूप उघडते. झाडते, पुसते, पेशंटना बसवते. रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात नीट लावते आणि तो डबा दहा चाळीसच्या बसवर चढवून देते. तपासणी जबलपूर शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये होते. आमच्याकडे आणि रांझीच्या सेंटरवर फक्त रक्त घेतात. माझं शिक्षण चौथी, तेही वरुडकडच्या आमच्या गावच्या मराठी शाळेत. लग्न होऊन इकडे आले त्याला तीस वर्षं होतील. दिवसभर हिंदी बोलते, पण लिहायला बसलं की मराठीच येतं. हे कोणाला दाखवायचं नाही. तरी कोणाच्या हाती पडलंच तर कळावं म्हणून सगळं उलगडून लिहिते.

आधी तिन्ही ठिकाणचे कॉम्प्युटर आपापले चालायचे. कोणाचा पासवर्ड शहरात बदलला तर तो पनागरला वेगळा बदलावा लागायचा आणि रांझीला पुन्हा वेगळा. नवीन मुलगी कामाला लागली की तिचं नाव तीनदा घालायचं. लॅब ज्यांची आहे त्या डॉक्टरसाहेबांना याचा कंटाळा आला. त्यांनी हे काम श्रुतीला दिलं. ती नागपूरची, पंचवीसेक वर्षांची. आधी मोठ्या इंजिनिअरच्या हाताखाली होती, एकटीनं केलेलं हे तिचं पहिलंच काम. सोमवारी ती काळी पेटी घेऊन आमच्याकडे आली. त्या पेटीला सर्व्हर म्हणतात.

मी तिला चहा दिला तेव्हा तिनं माझी बोली ओळखली. "मावशी, तुम्ही आपल्याकडच्या का?" म्हणून ती खूश झाली. मग काम करता करता मला समजावून सांगत राहिली. मला कोणी असं समजावून सांगत नाही, म्हणून ते अजून लक्षात आहे.

"शाळेत हजेरीची वही असते ना, मावशी? तशी ही नावांची वही. कोण कामाला आहे, कोणाचा पासवर्ड काय, कोणाला कोणता कागद पाहता येतो, सगळं यात. हिला डिरेक्टरी म्हणतात. आता वही एकच, पण तिच्या प्रती तीन. एक शहरात, एक रांझीत, एक तुमच्याकडे. एका वहीत नाव लिहिलं की बाकीच्या दोघींमध्ये आपोआप उतरलं पाहिजे. त्या उतरवण्याला रेप्लिकेशन म्हणतात."

हा शब्द मी चार वेळा म्हणून पाहिला तेव्हा जिभेवर बसला.

"कधी उतरतं ते?" मी विचारलं.

"दर पंधरा मिनिटांनी. बससारखं समजा. गाडी येते, नवीन नावं चढवते, घेऊन जाते."

हे मात्र मला एकदम कळलं. आमचं सगळं काम बसवरच चालतं.

सोमवारी संध्याकाळी जाताना तिनं मोहोडकाकांना एक बंद पाकीट दिलं. मोहोडकाका आमचे इन्चार्ज. रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झाले, मग घरी बसवेना म्हणून इथे लागले. रोज मोटरसायकलवर येतात. फॅक्टरीच्या आवाजानं त्यांचे कान गेले आहेत, पण मान्य करत नाहीत.

"काका, यात सर्व्हरचा पासवर्ड आहे. काही अडलं तरच उघडा!" श्रुती ओरडून म्हणाली.

"ओरडू नको बेटा, मले ऐकू येते," काका म्हणाले. "काय उडवायचं म्हणते?"

सोमवारी सगळं चाललं. मंगळवारीही सकाळी चाललं. बुधवारी सकाळी नेहा कॉम्प्युटरवर बसली आणि अडलं. नेहा ही नवीन मुलगी, रक्त घेते. हात हलका आहे तिचा. तिचं नाव मंगळवारी संध्याकाळी शहराच्या वहीत घातलं होतं. पनागरचा कॉम्प्युटर म्हणे, या नावाचं इथे कोणी नाही. काकांना मात्र तो ओळखत होता. जुन्या सगळ्यांना ओळखत होता. पण शहरातले रिपोर्ट उघडायला गेलं की तिकडून नकार यायचा. म्हणजे पनागरची माणसं आपसात ओळखीची होती, फक्त शहर आम्हाला ओळखेनासं झालं होतं.

श्रुतीला शहरातून आमच्या पेटीत शिरता येईना. काकांना फोनवर ऐकू येईना. नेहासमोर पेशंटची रांग. म्हणून फोन माझ्या हातात आला.

तिनं मला काय काय करायला लावलं! निळी वायर काढून तीसपर्यंत मोजून परत लावली. पेटी बंद करून चालू केली. स्क्रीनवर काय लिहिलंय ते एकेक इंग्रजी अक्षर करून वाचलं. मला इंग्रजी अक्षरं येतात, शब्द येत नाहीत. "ए... सी... सी..." असं मी वाचायची आणि ती तिकडे जोडायची. एकदाही घाई केली नाही तिनं. एकदा मी ई सोडून दिला तर म्हणाली, "चलो, परत सुरुवातीपासून. तुम्ही छान वाचून राहिल्या."

तिनं शहरात खोटी नावं घालून पाहिली. टेस्ट एक, टेस्ट दोन, टेस्ट तीन. पंधरा मिनिटं थांबायचं आणि मला विचारायचं, आलं का? मी काकांना खुणेनं विचारायची. काका यादी पाहून मान हलवायचे. नाही. गुरुवारी दुपारपर्यंत टेस्ट नऊ झालं. रांझीला नऊच्या नऊ पोचले. आमच्याकडे एकही नाही.

गुरुवारी फोन चालू असताना तिकडे डॉक्टरसाहेब तिच्याजवळ आलेले ऐकू आले.

"रांझी में चल रहा है, यहाँ चल रहा है, पनागर में ही क्यों नहीं? बाई ने पोछा लगाते समय कुछ हिला दिया होगा."

मी फोन कानापासून जरा लांब धरला. माझ्याबद्दलचं बोलणं मला ऐकवत नाही, चांगलंसुद्धा.

"नहीं सर," श्रुती म्हणाली. "मावशी तो मेरे हाथ हैं वहाँ. उनसे कुछ नहीं बिगड़ा."

"तो फिर तुमसे बिगड़ा है. कल सुबह मैं खुद चलता हूँ पनागर. कल नहीं हुआ तो मशीन वापस उठा लेंगे और ये काम किसी और को देंगे. ठीक है?"

"जी सर."

मग ती माझ्याशी बोलायला परत आली. "मावशी, एवढंच कळून राहिलं की शहराचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला नकार देतो. तुम्ही तेच आहात हे तो मानतच नाही. का, ते धड सांगत नाही. जाऊ द्या. तुम्ही जेवल्या का?"

मी जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते.

त्यानंतर मी उद्यासाठी नळ्यांवर चिकटवायच्या कोऱ्या चिठ्ठ्या कापत बसले होते. नकार हा शब्द डोक्यातून जाईना. कारण शहराचा नकार मला नवा नव्हता. आमच्या नळ्यांना तो येतो. नळी परत येते, तिच्यावर लाल चिठ्ठी असते. आमच्या लॅबचा नियम आहे. रक्त किती वाजता घेतलं ते नळीवर हातानं लिहायचं आणि कॉम्प्युटरमधून छापून येणाऱ्या पर्चीवरही तीच वेळ पाहिजे. दोन्हींत फरक दिसला तर नळी कोणाची याची खात्री नाही, म्हणून लॅब ती घेत नाही. रक्त चांगलं असतं, माणूस खरा असतो, पण वेळ जुळत नाही म्हणून नकार. माझ्या इतक्या वर्षांत शहरानं पनागरला बहुतेक वेळा याच एका गोष्टीसाठी नाकारलं आहे.

आणि मंगळवारी आमच्या तीन नळ्या अशाच परत आल्या होत्या.

माझी कात्री थांबली. मंगळवारचं सगळं आठवलं. नळीवरची वेळ आम्ही भिंतीवरच्या घड्याळात पाहून लिहितो. ते घड्याळ बारा मिनिटं पुढे आहे. जुना कॉम्प्युटरही काकांनी त्याच घड्याळाशी जुळवून ठेवला होता, म्हणून कधी अडलं नाही. नवीन पेटी आली ती खरी वेळ घेऊन आली. नळीवर नऊ बावन्न, पर्चीवर नऊ चाळीस. मीच काकांना म्हटलं होतं, "काका, पर्ची मागे चालून राहिली. घड्याळाशी जुळत नाही."

काका म्हणाले, "अच्छा! म्हणून नळ्या परत आल्या." दोन घड्याळं वेगळी चालली की फॅक्टरीच्या माणसाचं डोकं दुखतं. त्यांच्या हिशेबानं काम अडलं होतं. त्यांनी पाकीट उघडलं, पासवर्ड घातला आणि पेटीची वेळ बारा मिनिटं पुढे केली. वाकडी झालेली तसबीर सरळ करावी तसं. मग हात झटकून म्हणाले, "झालं. आता नाही येणार परत." आणि खरंच नळ्या परत आल्या नाहीत. पण नावं यायची थांबली ती त्याच दुपारपासून.

मला कळलं आणि मी फोन केला नाही. हे खरं लिहायला पाहिजे. फोन माझ्यासमोर होता. श्रुतीचा नंबर सगळ्यात वर होता.

एक तर वाटलं, सर्व्हरबद्दल मी काय बोलणार? मोठी शिकलेली पोरगी दोन दिवस शोधून राहिली, आणि चौथी शिकलेली बाई सांगणार, ताई, घड्याळ पाहा. पण ते अर्धंच कारण होतं. दुसरं कारण असं की ते भिंतीवरचं घड्याळ मी पुढे केलं होतं आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. काकांनाही नाही. ते कामावर आले त्याच्या आधीची गोष्ट. घड्याळ पुढे आहे हे सेंटरवर सगळ्यांना माहीत. नेहा विचारतेच, "घड़ी का टाइम या मोबाइल का?" पण ते तसंच आहे, पहिल्यापासून आहे, असं सगळे धरून चालतात.

चार वर्षांपूर्वी एक लहान मुलगी यायची. अजूनही येते. गुड्डन म्हणतात तिला. तिला असा आजार आहे की दर महिन्याला रक्त तपासावं लागतं आणि मग शहरातल्या हॉस्पिटलात नवं रक्त चढवतात. तेव्हा ती सहा वर्षांची होती. एकदा तिचं रक्त घेतलं आणि आमची बस चुकली. दोन मिनिटांनी. मी डबा घेऊन धावत होते आणि बस समोरून वळून गेली. पुढची गाडी यायला फार उशीर होता, बर्फ विरघळला, नळी खराब झाली. दुसऱ्या दिवशी तिला परत बोलवावं लागलं. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. खुर्चीवर चढून बसली, कालचा हात पाठीमागे लपवला आणि दुसरा पुढे केला. म्हणाली, "मौसी, वो वाला दुख रहा है. आज इसमें से ले लो."

ती गेल्यावर मी स्टुलावर चढले आणि घड्याळाचा काटा पुढे सरकवला. बारा मिनिटं हिशेब करून ठेवली नव्हती. काटा जिथे थांबला तिथे राहू दिला. तेव्हापासून बस चुकली नाही. घड्याळ पुढे आहे हे माहीत असतं तरी डोळा त्याला भितो आणि हात आपोआप भरभर चालतो.

आता मी बोलले तर डॉक्टरसाहेब म्हणणार, घड्याळ बरोबर करा. त्यांचं चुकीचं नसेल. पण मग बस परत चुकणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी गप्प बसले. वाटलं, श्रुती हुशार आहे, तिला सापडेल. माझ्याशिवाय सापडेल.

शुक्रवारी नऊच्या सुमाराला डॉक्टरसाहेबांची गाडी आली. श्रुती मागच्या सीटवर बसून आली होती. डोळे सुजलेले. मला पाहून तरी हसली. पेटीसमोर मांडी घालून बसली आणि आपला लॅपटॉप जोडला. डॉक्टरसाहेब खुर्ची ओढून तिच्या मागेच बसले. मागे कोणी बसलं की माणसाला समोरचं दिसत नाही. मला तर झाडूसुद्धा मारता येत नाही असं कोणी पाहत असलं की. ती एक पान उघडायची, बंद करायची, दुसरं उघडायची. नेहा पेशंटचा दंड बांधत होती आणि चोरून इकडे पाहत होती.

थोड्या वेळानं डॉक्टरसाहेब उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

"रहने दो बेटा. मशीन खोल लो. पनागर पुराने तरीके से चल जाएगा. तुम अपना हिसाब सोमवार को देख लेना."

श्रुतीनं लॅपटॉप मिटला. मग खाली वाकून तिनं निळ्या वायरला हात घातला. तीच वायर, जी मी तीसपर्यंत मोजून काढली होती आणि लावली होती. वायरची ती छोटी खिटी दाबल्याशिवाय निघत नाही, हे तिनंच मला शिकवलं होतं आणि आता तिलाच ती दाबता येत नव्हती.

"ताई," मी म्हटलं.

माझा आवाज इतका बारीक निघाला की कोणी ऐकला नाही. मी परत म्हटलं, "ताई, थांबा. तुमच्या मोबाइलमध्ये किती वाजले?"

तिनं वर पाहिलं. तिला वाटलं असेल, मावशीला बसची काळजी. "नऊ सतरा, मावशी."

"आणि पेटीत किती वाजले?"

ती आधी माझ्याकडे पाहत राहिली. मग स्क्रीनकडे वळली. खाली कोपऱ्यात बारीक आकडे असतात.

"नऊ एकोणतीस," ती म्हणाली.

मग तिनं आपलं कपाळ हातानं असं मारलं की नेहा दचकली.

"बारा मिनिटं! अरे देवा. मावशी, बारा मिनिटं!" आणि मग डॉक्टरसाहेबांकडे वळून भराभर सांगायला लागली. मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. एक सर्व्हर दुसऱ्याशी बोलायला जातो तेव्हा ओळखीची चिठ्ठी दाखवतो. त्या चिठ्ठीवर वेळ असते. कोणी जुनी चिठ्ठी चोरून पुन्हा दाखवू नये म्हणून. दोघांच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक असला तर समोरचा चिठ्ठी खोटी धरतो आणि दार लावून घेतो. पनागरचे कॉम्प्युटर पनागरच्या पेटीची वेळ मानत होते, म्हणून आपसात ठीक होते. शहराच्या दारात मात्र आम्ही बारा मिनिटं खोटे होतो.

"पर टाइम बदला किसने?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

काकांना एवढं ऐकू आलं. किंवा चेहऱ्यावरून कळलं. ते उभे राहिले. "मैंने, साहब. पर्ची घड़ी से नहीं मिल रही थी. मैंने मिला दी."

"मोहोडजी, आपको पासवर्ड इसलिए दिया था?"

काकांची मान खाली गेली. इतकी वर्षं फॅक्टरीत कधी मेमो न घेतलेला माणूस. मला ते पाहवलं नाही.

"साहब," मी म्हटलं, "काका को मैंने बोला था कि पर्ची पीछे है. और वो दीवार की घड़ी भी मैंने आगे की. चार साल पहले. काका तब थे भी नहीं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला वाटलं जमीन फाटावी. पण आता थांबता येत नव्हतं. मी गुड्डनचं सांगितलं. माझी हिंदी अशा वेळी मोडते, अर्धं मराठीत गेलं. दोन मिनिटांनी चुकलेली बस सांगितली, लपवलेला हात सांगितला. आणि म्हटलं, "घड़ी पीछे कर दोगे साहब, तो बस फिर छूटेगी. बच्चों को दो बार सुई लगेगी."

इतकं लांब मी डॉक्टरसाहेबांशी कधी बोलले नव्हते. खरं तर कोणाशीच नाही.

डॉक्टरसाहेब घड्याळाखाली जाऊन उभे राहिले. बराच वेळ वर पाहत राहिले, जणू एक्स-रे पाहताहेत. मग विचारलं, "मोहोडजी, आपके आने के बाद बस कितनी बार छूटी?"

काकांना नेहानं कानाजवळ जाऊन सांगितलं. "एक बार भी नहीं, साहब," काका म्हणाले.

मग श्रुती उभी राहिली. "सर, गलती मेरी भी है. पनागर के सर्व्हर को शहर से टाइम अपने आप लेना चाहिए था. वो सेटिंग मैंने बाद के लिए छोड़ दी. वो होती, तो काका बदलते तो भी टाइम वापस ठीक हो जाता."

तिला हे सांगायची काही गरज नव्हती. तोवर कोणी विचारलंही नव्हतं.

डॉक्टरसाहेबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "तीनों ने मिलकर किया है. अब किस-किस को डाँटूँ?" मग खुर्चीवर बसले. "मशीन का टाइम ठीक करो. आज से नली पर टाइम कंप्यूटर का लिखा जाएगा. और वो घड़ी..." त्यांनी हात हलवला. "वो बस की घड़ी है. उसे वैसे ही रहने दो."

मी आत जाऊन पाणी प्यायले. दोन ग्लास.

बाहेर आले तेव्हा श्रुतीनं पेटीची वेळ मागे घेतली होती आणि ती राहिलेली सेटिंगही केली होती. काका तिच्या शेजारी बसून चष्म्यातून सगळं पाहत होते आणि वहीत उतरवून घेत होते. "आता तपासून पाहू," ती म्हणाली. "या वेळी उलटं. पनागरच्या वहीत नवीन नाव घालू आणि शहरात, रांझीत पोचतं का पाहू. टेस्ट दहा." तिनं बोटं ठेवली आणि थांबली. "मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"सांगा ना."

"कुंदा वानखडे," मी म्हटलं. माझं नाव त्या वहीत नव्हतं. मी कॉम्प्युटरला हात लावत नाही, तर कशाला असेल?

तिनं घातलं. मग आम्ही वाट पाहिली. ती म्हणाली, जोर लावून लगेच पाठवता येतं, पण आपण गाडीची वाट पाहू. भिंतीवर पाहू की मोबाइलमध्ये, मला कळेना. नेहानं दोन पेशंट केले. मी नळ्या लावल्या, बर्फ भरला. पंधरा मिनिटं बसच्या थांब्यावर किती लवकर जातात आणि तिथे किती लांब गेली!

शहरातून निरोप आला, नाव पोचलं. मागोमाग रांझीहून फोन आला. तिथली मुलगी कामाला बसलेली. श्रुतीनं स्पीकर लावला.

"दीदी, यहाँ लिस्ट में एक नया नाम आया है. ये कुंदा वानखडे कौन हैं?"

श्रुती माझ्याकडे पाहून हसली. "पनागरची आहे," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं की रांझीच्या मुलीला मराठी येत नाही. "पनागर की हैं. टाइम वही देखती हैं."

तोवर नेहाचं नाव आमच्याकडे उतरलं होतं. तिनं पासवर्ड घातला आणि कॉम्प्युटर उघडला. अडकलेले दोन दिवसांचे रिपोर्ट धडाधड छापून बाहेर पडायला लागले. ते गोळा करायला मी वाकले आणि भिंतीवरचं घड्याळ पाहून दचकले. बसची वेळ झाली होती. डबा घेऊन धावतच थांब्यावर गेले. बस यायला अर्थातच बारा मिनिटं होती.

डॉक्टरसाहेबांनी मशीन ठेवली, श्रुतीलाही ठेवलं. पुढच्या महिन्यात तिनं आणखी एका सेंटरचं काम घेतलं. टेस्टची नऊ नावं तिनं काढून टाकली. दहावं काढायचं विसरली म्हणते. काकांनी घड्याळाखाली एक कागद चिकटवला आहे, यह समय बस का है. त्यांचं अक्षर सुरेख आहे. गुड्डन आता दहा वर्षांची झाली आणि शाळेत घड्याळ वाचायला शिकली. मागच्या खेपेला खुर्चीवर बसून म्हणाली, "मौसी, आपकी घड़ी गलत है. पूरे बारह मिनट." मी म्हटलं, मला माहीत आहे, तू हात सरळ ठेव.

यातून मी शिकले ते एवढंच. दोन ठिकाणचं काही जुळेनासं झालं, तर वायर ओढण्याआधी दोन्हीकडे विचारावं, तुमच्याकडे किती वाजले. आणि उत्तर माहीत असेल तर शुक्रवारपर्यंत थांबू नये.